वेताळाचे चाचे: कागदावरचे आणि पडद्यावरचे



वेताळाचं नाव काढलं की पंचेचाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाचा चेहरा कसा खुलतो बघा. जांभळा पोशाख, कवटीची गुहा, ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कायमची उमटणारी कवटीची खूण... आणि हे सगळं मे महिन्याच्या सुट्टीत, भाड्याने आणलेल्या, पानं सुटत आलेल्या अंकांत! पण याच मंडळींसमोर 1996 सालच्या 'द फँटम' या हॉलिवूडच्या चित्रपटाचा विषय काढा. लगेच दोन तट पडतात. गंमत म्हणजे वाद वेताळावरून होत नाही. बिली झेन हा नट बहुतेकांना पसंत आहे. वाद होतो तो खलनायकावरून, म्हणजे समुद्री चाच्यांवरून.

आमच्या इथे खोर फक्कानला हा वाद निघाला की जरा जास्तच रंगतो. का, ते पुढे येईलच. आधी आपल्या मुलांसाठी थोडी पार्श्वभूमी, कारण त्यांना स्पायडरमॅन ठाऊक असतो, वेताळ नसतो.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने 'फँटम' ही चित्रमालिका 17 फेब्रुवारी 1936 रोजी वर्तमानपत्रांत सुरू केली. सुपरमॅन 1938 चा, म्हणजे हे महाशय त्याच्याही आधीचे. मूळ गोष्ट अशी: 1536 साली एका जहाजावर चाच्यांचा हल्ला होतो, सगळे मारले जातात, एकटा कप्तानाचा मुलगा वाचून किनाऱ्याला लागतो. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो की मी आणि माझे वंशज चाचेगिरीशी आणि अन्यायाशी लढत राहू. पुढे बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि लोकांना वाटतं हा एकच माणूस, अमर आहे. आपल्या गोष्टीतला वेताळ हा एकविसावा.

आता त्या चाच्यांचं नाव काय? फॉकसाहेबांनी ठेवलं होतं 'सिंग ब्रदरहूड'. म्हणजे सिंग टोळी! पंजाबला समुद्रच नाही, शीख खालसा स्थापन झाला 1699 साली, पण 1936 च्या अमेरिकेत पूर्वेकडचा दुष्ट माणूस हवा असला की असं कुठलंही नाव चालून जात असे. मूळ कथा घडत होती 'बंगाल' किंवा 'बंगाली' अशा नावाच्या, नक्की कुठे ते न कळणाऱ्या देशात. इतकंच काय, विसाव्या वेताळाचा, म्हणजे आपल्या वेताळाच्या वडिलांचा, खून करणाऱ्याचं नाव होतं 'रामा'!

1964 च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स काढलं, पुढे ते मराठीतही आलं, तेव्हा संपादकांपुढे हाच पेच होता. हे जसंच्या तसं छापलं तर शिखांनी काय म्हणायचं, बंगाल्यांनी काय म्हणायचं आणि रामाचं काय करायचं! त्यांनी तोडगा काढला तो अगदी आपल्याकडच्या पद्धतीचा, आवाज न करता. सिंगचे झाले 'सिंगा' चाचे, बंगालीचं झालं डेंकाली, आणि रामाचा झाला 'रामालू'. एखाद-दुसरं अक्षर इकडचं तिकडे. आम्ही लहानपणी वाचलं ते हेच, आणि सिंगा म्हणजे कोणी भारतीय असतील अशी शंकासुद्धा कधी आली नाही. ते आमच्या लेखी चाचे होते, बस्स. भीती मात्र पुरेपूर वाटायची. चारशे वर्षं वंशपरंपरेने चालत आलेलं वैर होतं ते! एका पिढीत वेताळाने त्यांना हरवलं तरी पुढच्या पिढीत ते पुन्हा उभे राहायचे.

आता चित्रपट. सायमन विन्सर दिग्दर्शक, काळ 1938 चा. टोळीचं नाव बदलून 'सेंघ' केलेलं आहे. कारण तेच, इंद्रजालला 32 वर्षं आधी सुचलेलं! पण मुख्य खलनायक चाचे नाहीतच. तो मान मिळाला झँडर ड्रॅक्स नावाच्या न्यूयॉर्कच्या धनाढ्य उद्योगपतीला (नट ट्रीट विल्यम्स). याला जादूच्या तीन कवट्या हव्या आहेत. चांदीची, पाचूसारख्या हिरव्या जेडची आणि सोन्याची. तिन्ही एकत्र आल्या की जगावर राज्य. सेंघ टोळीचा प्रमुख कबाई सेंघ शेवटच्या भागात, बेटावरच्या गुहेत भेटतो. वडिलांचा खून करणारा रामा गायब, त्याच्या जागी क्विल नावाचा गोरा भाडोत्री गुंड. तो टोळीचा सदस्य, पण हुकूम पाळतो ड्रॅक्सचा.

इथेच ठिणगी पडते. जुने वाचक म्हणतात, वेताळ म्हणजे चाचे आणि चाचे म्हणजे वेताळ, तेच काढलं तर उरलं काय? ड्रॅक्ससारखा सुटाबुटातला, गोड बोलून माणसं मारणारा शेठ कुठल्याही चित्रपटात खपेल. वेताळाने न्यूयॉर्कला टॅक्सीतून कशाला फिरायचं? दुसरा पक्ष, आणि त्यात इथे वाढलेली मुलं जास्त, म्हणतो की बरं झालं. फेटे बांधलेले, सावळे, क्रूर आशियाई चाचे आणि त्यांना चोपणारा गोरा माणूस, हे 1996 मध्ये तरी कशाला दाखवायचं? त्यापेक्षा लोभी अमेरिकन शेठ खलनायक असलेला चांगला.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. थोडा विचार माध्यमाचाही करायला हवा. वर्तमानपत्रातली चित्रपट्टी रोज तीन-चार चौकटींनी पुढे सरकते, वर्षानुवर्षं चालते. तिथे 'टोळी' हा खलनायक चालतो, कारण वाचकाला घाई नसते. आज एक सिंगा मेला, पुढच्या वर्षी दुसरा येईल. चित्रपटाला मिळतात शंभर मिनिटं. तिथे टोळीला चेहरा लागतो, नाव लागतं, शेवटी एक मारामारी लागते. 1943 साली कोलंबियाने फँटमवर पंधरा भागांची मालिका केली तेव्हाही चाचे नव्हते, डॉक्टर ब्रेमर नावाचा खलनायक होता. म्हणजे पडद्याला चाचे पहिल्यापासून पेलले नाहीत. पुढे 2009 च्या टीव्ही मालिकेत सिंग टोळी परत आली, तीही आधुनिक गुन्हेगारी संघटना होऊन.

आमचं मत विचाराल तर चित्रपटाची चूक नाव बदलण्यात नाही. नाव इंद्रजालनेही बदललं होतं. चूक ही की नावाबरोबर चाच्यांचं वजनही काढून घेतलं. इंद्रजालच्या सिंगांना स्वतःचा इतिहास होता, स्वतःचा हट्ट होता. चित्रपटातला कबाई सेंघ (केरी-हिरोयुकी तागावा हा जपानी वंशाचा चांगला नट) थोडाच वेळ दिसतो, आणि तेवढ्यात त्याला डोळे वटारण्यापलीकडे फारसं काम नाही. त्यामुळे दुसऱ्या पक्षाला हवं होतं तेही झालं नाही. आशियाई चाचा तसाच रानटी राहिला, फक्त दुय्यम झाला. पूर्वी निदान तो वेताळाच्या बरोबरीचा शत्रू तरी होता!

आता खोर फक्कानचा संबंध. आपण ज्या देशात राहतो त्याच्या आखाती किनाऱ्याला इंग्रज सरळ 'चाच्यांचा किनारा' म्हणत. नकाशावर तसं छापत. 1809 आणि 1819 साली रास अल खैमावर इंग्रजांच्या दोन मोहिमा झाल्या, दोन्ही आपल्या मुंबईहून निघाल्या होत्या. कारण सांगितलं गेलं की कासिमी लोक चाचे आहेत. मग 1820 चा तह. शारजाचे शासक शेख डॉ. सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी यांनी एक्सेटर विद्यापीठात याच विषयावर डॉक्टरेट केली, आणि 1986 साली इंग्रजीत पुस्तक काढलं. आखातातली अरब चाचेगिरी ही ईस्ट इंडिया कंपनीने व्यापारासाठी उभी केलेली कहाणी आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी कागद धुंडाळले ते मुंबईच्या दफ्तरखान्यातले!

आणि त्याच कंपनीच्या कागदांत आणखी एक मोठा 'चाचा' आहे. सरखेल कान्होजी आंग्रे. मराठ्यांच्या आरमाराचा प्रमुख, आपल्या समुद्रात यायचं तर आमचा दस्तक घ्या म्हणणारा. इंग्रजांनी दस्तक घ्यायचं नाकारलं आणि याला चाचा म्हटलं. 1729 मध्ये कान्होजी गेले तोवर मुंबईकर इंग्रजांना त्यांचं काही वाकडं करता आलं नाही. स्वतंत्र भारताने 1951 साली मुंबईच्या नौदल तळाला 'आयएनएस आंग्रे' नाव दिलं. म्हणजे एकाच्या वहीतला चाचा दुसऱ्याच्या वहीत सरखेल!

मुलांना हे 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधून पटकन समजतं. 2007 च्या तिसऱ्या भागात चाच्यांच्या सभेला हिंदी महासागराचा सरदार म्हणून एक 'श्री संभाजी आंग्रिया' बसलेला आहे. हो, आपलेच आंग्रे! दाढी, फेटा, आजूबाजूला त्याच्या वतीने बोलणारे, आणि शेवटी तोंड उघडतो तेव्हा आवाज बारीक, किनरा. थिएटर हसतं. कान्होजींच्या एका मुलाचं नाव खरोखर संभाजी होतं आणि तोही सरखेल होता, हे त्या हसणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? कबाई सेंघपेक्षा आम्हाला हा प्रकार जास्त झोंबला. सेंघ काल्पनिक आहे. आंग्र्यांची समाधी अलिबागला आहे.

याउलट खोर फक्कानने स्वतःच्या गोष्टीचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. 1507 साली अफोन्सो दे अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने हे गाव लुटलं आणि जाळलं. (तीन वर्षांनी, 1510 मध्ये, याच माणसाने गोवा घेतलं, म्हणजे तो आपल्याही ओळखीचा.) शेख सुलतान यांच्या लेखनावर आधारलेला 'खोरफक्कान' हा चित्रपट 2020 साली निघाला. त्यात समुद्रातून येऊन लुटणारा आहे युरोपचा कप्तान, आणि किनाऱ्यावर उभे राहणारे आहेत इथले लोक. फँटमची गोष्ट नेमकी उलटी केल्यासारखी! पोर्तुगालच्या शाळेत तोच अल्बुकर्क अर्थातच मोठा दर्यावर्दी म्हणून शिकवला जातो.

म्हणून आमचा सल्ला असा की मुलांना 'द फँटम' जरूर दाखवा. घोडा आहे, लांडगा आहे, विमानातून उडी आहे, मजा येते. पण आधी इंद्रजालचा एखादा जुना अंक हाती द्या (माळ्यावर बहुतेकांच्या घरी असतोच, पुढच्या सुट्टीत घेऊन या), आणि मग दोन्हीकडचे चाचे शेजारी ठेवून त्यांना बोलू द्या. आमच्याकडे असं केलं तेव्हा एका सातवीतल्या मुलीने विचारलं, "या चाच्यांच्या बायका-मुलं कुठे राहत होती?" साठ वर्षांच्या आजोबांपासून सगळे गप्प. ली फॉकने ते कधी फारसं दाखवलं नाही, आणि हॉलिवूडला तेवढा वेळ नव्हता.