खातं कुणाचं?

बँकेतल्या नोकरीची सुरुवातीची वर्षं माझी लेजरच्या बॅलन्सिंगमध्ये गेली. चार पैशांचा फरक लागला, तरी तो सापडेपर्यंत घर दिसत नसे. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टिक करायची. म्हणून जीनोम-वाचनाची हकीकत वाचताना मला प्रयोगशाळेपेक्षा आमची शाखाच आठवते.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएची एक वही असते. अक्षरं चारच, पण माणसाच्या वहीत ती सुमारे तीनशे कोटी वेळा येतात. ही वही वाचायचा प्रकल्प १९९० साली सुरू झाला. हात बसावा म्हणून इंग्लंडमधल्या जॉन सल्स्टन यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक मिलिमीटरचा सूत्रकृमी निवडला. त्याची सुमारे दहा कोटी अक्षरं १९९८ साली वाचून झाली. एवढ्याशा किड्याची कितीतरी जनुकं आपल्या जनुकांशी नातं सांगणारी निघाली!

त्याच वर्षी क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही कंपनी माणसाच्या वहीसाठी शर्यतीत उतरली. पैसा खासगी, तेव्हा माहितीलाही मोल. वर्गणी भरेल त्यानं पाहावं. सल्स्टन यांच्या गटाचा शिरस्ता निराळा होता. १९९६ साली बर्म्युडा बेटावरच्या बैठकीत ठरलं होतं, की वाचलेला मजकूर शक्यतो चोवीस तासांत जगापुढे मांडायचा, फुकट. २००० साली कच्चा मसुदा जाहीर झाला, २००३ साली प्रकल्प संपला आणि राहिलेल्या गाळलेल्या जागा थेट २०२२ साली भरल्या.

फुकट की विकत, हा वाद आपल्या घरापर्यंत येतो. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर एका कंपनीकडे पेटंटं होती. आईला तो आजार झालेला, म्हणून लेकीला तपासणी हवी, तर दार एकच. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की निसर्गानं घडवलेल्या जनुकावर कुणाचं पेटंट चालणार नाही. दुसरी दारं उघडली.

एकेका माणसाची वही मात्र झाकलेलीच बरी. ती विमा कंपनीनं किंवा मालकानं चाळावी असं कुणाला वाटेल? पण साऱ्या मानवजातीची वही वेगळी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कनी बजावलं होतं, ‘‘खातं खातेदाराचं. आपण नोंदी ठेवणारे.’’

सल्स्टन यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.