अ‍ॅशबर्नमध्ये तुमचं कोण राहतं?

समजा, तुम्ही स्वतःची छोटीशी वेबसाइट सुरू केलीय. काढलेले फोटो, केलेले प्रोजेक्ट्स, दोन-चार लेख, एवढंच. लिंक दिलीय फक्त घरच्यांना आणि कॉलेजच्या ग्रुपवर. आठवड्याभराने आकडे उघडता, तर पुण्यातून ९ जण, मुंबईतून १४ आणि अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न नावाच्या गावातून चक्क ४०! तिथे तुमची ना मावशी, ना मित्र. मग हे आले कुठून?

हवेत जाण्याआधी थोडी शहानिशा करूया.

माणूस की मशीन?

व्हर्जिनिया राज्यातलं अ‍ॅशबर्न आणि आसपासचा परिसर हा डेटा सेंटर्सचा जगातला सगळ्यात मोठा अड्डा. तिथल्या सर्व्हरवरून बॉट्स रात्रंदिवस वेबसाइट्स चाळत असतात. कुणी सर्च इंजिनसाठी, कुणी एआयला शिकवायला मजकूर गोळा करतंय म्हणून, तर कुणी तुमच्या साइटमध्ये शिरायला फट सापडते का ते बघायला. अ‍ॅनालिटिक्सची टूल्स ओळखीचे बॉट्स गाळतात, पण सगळे नाही. एकच पान उघडलं, शून्य सेकंद थांबले, स्क्रोलही केलं नाही, असे पाहुणे दिसले की समजा, चहा ठेवायची गरज नाही.

गाव म्हणजे अंदाज

तुमचं गाव ठरतं ते आयपी अ‍ॅड्रेसवरून. पण मोबाइल कंपन्या असंख्य फोन एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात. त्यामुळे साताऱ्यात बसून वाचणारी तुमची मैत्रीण आकड्यांत मुंबईकर होऊ शकते. कुणी व्हीपीएन लावला असेल तर ती थेट सिंगापूरला!

हा अंदाज किती महागात पडू शकतो, ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर दिसलं. मॅक्समाइंड ही आयपीवरून ठिकाण सांगणारी कंपनी. एखादा आयपी अमेरिकेतला आहे, पण नक्की कुठला ते माहीत नाही, अशा वेळी ती देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू दाखवायची. आकडे सोपे हवेत म्हणून अक्षांश ३८ आणि रेखांश उणे ९७ असा. तो बिंदू पडत होता नेमका एका घराजवळ. २०१६ मध्ये एका पत्रकाराने हे उघड केलं, तेव्हा ६० कोटींहून जास्त आयपी त्या एका ठिकाणावर लावलेले होते. ऑनलाइन फसवणूक झालेले लोक, पोलिस, सरकारी तपास यंत्रणा, सगळे वर्षानुवर्षं त्याच दारात येत होते. घरातल्यांचा गुन्हा काय, तर काहीच नाही. शेवटी कंपनीने तो बिंदू पाण्यात हलवला. म्हणून कुणी ऑनलाइन त्रास देत असेल आणि आयपीवरून ‘पत्ता सापडला’ असं वाटलं, तर त्या पत्त्यावर मित्रांना घेऊन धडकू नका. तक्रार सायबर पोलिसांकडे करा.

‘डायरेक्ट’चं गौडबंगाल

आता उरला तिसरा प्रश्न. तुमची लिंक त्यांना मिळाली कुठे? लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर नव्या साइटला आधीच्या साइटचं नाव सांगतो. या माहितीला ‘रेफरर’ म्हणतात. गंमत म्हणजे १९९० च्या दशकात नियम लिहिताना इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ राहून गेला, आणि ती चूक आजही तशीच चालू आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून लिंक उघडली की सहसा हे नाव पोहोचतच नाही. मग तो वाचक ‘डायरेक्ट’ या खात्यात जमा, जणू त्याने तुमचा पत्ता पाठ करून टाइप केला! अशा अदृश्य शेअरिंगला अ‍ॅलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने २०१२ मध्ये ‘डार्क सोशल’ हे नाव दिलं. आपल्याकडे सगळा कारभार फॅमिली ग्रुपवर चालतो, म्हणजे या अंधारात आपली बरीच माणसं असणार.

मग करायचं काय?

- प्रत्येक ठिकाणी वेगळी लिंक टाका. लिंकच्या शेवटी ‘यूटीएम’ची शेपटी जोडली की ती ग्रुपवरून उघडली की इन्स्टाच्या बायोमधून, ते कळतं. ही शेपटी बनवून देणारी टूल्स फुकट मिळतात.
- भेटींची संख्या नंतर बघा. आधी किती जण थांबले, दुसरं पान किती जणांनी उघडलं आणि पुन्हा कोण आलं, ते बघा.
- रेफररच्या यादीत अनोळखी, चमत्कारिक नावाची साइट दिसली तर कुतूहल म्हणून क्लिक करू नका. तुम्ही क्लिक करावं म्हणूनच ती तिथे आलेली असू शकते.
- पानाच्या शेवटी एक साधा प्रश्न विचारा : ‘इथे कसे पोहोचलात?’ नेमकं उत्तर देणारा बहुधा माणूस असतो.

आणि हो, रेझ्युमेमध्ये ‘१२ देशांतले वाचक’ असं लिहायचा मोह आवरा. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला अ‍ॅशबर्न माहीत असेल तर पंचाईत होईल. त्यापेक्षा ‘दर आठवड्याला परत येणारे ११ वाचक’ हे लिहायला कमी वाटेल, पण त्या अकरा जणांबद्दल तुम्हाला दहा मिनिटं बोलता येईल.