ड्रायरच्या जाळीतला कापूस वेळच्या वेळी काढा

मुंबई-कोकणात पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. मुलांचे गणवेश ओले, ऑफिसचे कपडे ओले आणि घरभर कुबट वास. म्हणून नोकरी करणाऱ्या कुटुंबांत आता कपडे वाळविण्याचे यंत्र येऊ लागले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींच्या घरी तर ते पुष्कळदा असतेच. यंत्राने कष्ट वाचतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण उष्णता आणि कापड जेथे एकत्र येतात, तेथे आगीची भीती असते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. दोन टबांच्या वॉशिंग मशीनमधल्या छोट्या टबालाही आपण ड्रायरच म्हणतो. तो कपडे तापवीत नाही, गरगर फिरवून त्यांतले पाणी काढतो. तेथे धोका आगीपेक्षा वेगाचा आहे. फिरणाऱ्या टबात लहान मुलाचा हात किंवा ओढणीचे टोक अडकले तर मोठी इजा होते. टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये. झाकण उघडूनही तो लवकर थांबत नसेल तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत वापर बंद ठेवावा.

दुसरा ड्रायर गरम हवेचा. त्यात कपडे फिरताना सुताचे बारीक तंतू सुटतात आणि जाळीवर त्यांचा पिंजलेल्या कापसासारखा थर बसतो. ज्यांनी गिरणीत काम केले आहे, त्यांना उडत्या कापसाला ठिणगी पुरते हे सांगायला नको. जाळी तुंबली की हवा अडते, यंत्र जास्त तापते आणि आत साचलेला कापूस पेट घेऊ शकतो.

ही नुसती भीती नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या वर्षांचा हिशेब मांडला. तेथील घरांत दरवर्षी सुमारे 2,900 आगी ड्रायरमुळे लागत होत्या आणि त्यांत सरासरी 5 माणसे दगावत होती. सर्वांत मोठे कारण कोणते? सुमारे 34 टक्के आगींत यंत्राची सफाईच झालेली नव्हती. लंडनमध्ये ऑगस्ट 2016 मध्ये शेफर्ड्स बुश भागातील अठरा मजली इमारतीला आग लागली, तीही सदोष ड्रायरमुळे. तेथे सुदैवाने कोणी दगावले नाही. त्या बनावटीच्या यंत्रांत कापूस तापणाऱ्या कॉइलपर्यंत पोहोचण्याचा दोष होता. म्हणजे यंत्र सदोष असो वा दुर्लक्षित, पेटतो तो कापूसच.

तेव्हा पुढील गोष्टी घरच्या नियमात बसवाव्यात.

1. प्रत्येक वेळी कपडे काढल्यावर जाळी साफ करावी. महिन्यातून एकदा ती साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवावी आणि पूर्ण वाळवून बसवावी. जाळीशिवाय यंत्र कधीही चालवू नये.

2. हवा बाहेर नेणारी नळी असेल तर ती धातूची असावी, तिला मुरड पडू नये. वर्षातून एकदा तरी ती आतून साफ करून घ्यावी. बाहेरच्या तोंडाशी पक्ष्याचे घरटे नाही ना, हेही पाहावे. ज्या यंत्रात वाफेचे पाणी साठते, त्याची सफाई सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे करावी.

3. बाळाच्या मालिशचे तेलकट फडके, स्वयंपाकघरातली मसोती, रॉकेल किंवा थिनर लागलेले कपडे ड्रायरमध्ये घालू नयेत. कापडात राहिलेले खाद्यतेल गरम ढिगात आपोआप तापून पेटू शकते. फोम-रबराच्या वस्तूही नकोत.

4. शेवटची काही मिनिटे यंत्र कपडे थंड करते. घाईने मध्येच बंद करून गरम कपड्यांचा गोळा आत ठेवू नये.

5. दोन हजार वॅटचे यंत्र सुमारे नऊ अँपिअर वीज ओढते. त्याला अर्थिंग असलेला, 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर ते चालवू नये.

6. यंत्र लावून बाहेर जाऊ नये किंवा झोपू नये.

पूर्वी तासाभरात वाळणारे कपडे आता दोन तास घेत असतील, करपल्याचा वास येत असेल, तर कुठेतरी हवा तुंबली आहे असे समजावे. यंत्र बंद करून तपासून घ्यावे. आतून धूर दिसला तर ड्रायरचे दार उघडू नये, कारण हवा मिळताच आग भडकते. सुरक्षितपणे जमत असेल तर मेन स्विच बंद करावा, पाणी मारू नये. घरातील सर्वांना बाहेर काढून 101 किंवा 112 वर कळवावे.

शेवटी एक सांगणे. यंत्र आले म्हणजे त्याची सफाईही घरच्या बाईच्याच माथी, असे होऊ नये. जो कपडे काढील त्याने जाळी झाडावी, मग तो मुलगा असो, सून असो की सासरे. एका मिनिटाचे काम आहे. वरचे सहा नियम मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राशेजारच्या भिंतीवर लावावेत आणि परदेशी असलेल्या लेकरांनाही फोनवर वाचून दाखवावेत.