मक्याच्या स्टार्चची पिशवी पावसाळ्यात सादळते ती का, आणि तिला ओलाव्यापासून वाचवायला काय करतात?

पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतात, चिवडा मऊ पडतो, हे घरोघरी माहीत आहे. पण ज्या पिशवीत चिवडा भरला ती पिशवीच सादळली तर? मका, साबुदाणा, बटाटा यांच्या स्टार्चपासून केलेल्या पॅकिंगच्या फिल्मची खरी अडचण हीच आहे.

राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिक आणि थर्माकोलवर निर्बंध आले. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. तेव्हापासून 'मक्याची पिशवी', 'कुजणारी पिशवी' अशा नावानं बरंच काही विकलं जातंय. पापड, शेवया, मसाले, बेदाणे विकणाऱ्या बचत गटांनाही ती दाखवली जाते. साध्या पिशवीपेक्षा ती महाग असते. जास्त पैसे मोजून वर मालही सादळला तर तोटा दोन्हीकडून. म्हणून घेण्याआधी ही पिशवी बनते कशी ते समजून घेतलेलं बरं.

खळ, कुरडई आणि फिल्म

कपड्याला घालायची खळ कशी करतात? पीठ पाण्यात कालवून शिजवायचं. मक्याच्या स्टार्चचे दाणे साधारण ६५ ते ७० अंशाला फुगून फुटतात आणि मिश्रण घट्ट होतं. कुरडईचा चीक ताटाला लागून वाळला की त्याचा पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. स्टार्चची फिल्म म्हणजे मुळात हाच पापुद्रा.

पण तो वाकवला की कट्टकन मोडतो. तो लवचिक व्हावा म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, १०० ग्रॅम स्टार्चला साधारण २० ते ३० ग्रॅम. खरी गोची इथं होते. थंडीत फुटलेल्या टाचांना ग्लिसरीन लावतात ते कशासाठी? ते ओलावा धरून ठेवतं म्हणून. स्टार्च मुळातच पाण्याचा भुकेला, त्यात ग्लिसरीनची भर. ग्लिसरीन कमी केलं तर फिल्म मोडते, वाढवलं तर चिकट होऊन ढिली पडते. वर दिवस गेले की स्टार्च आपोआप कडक होत जातो, कालची भाकरी आज वातड होते तसा.

ओलाव्याचा त्रासही दोन तऱ्हेचा. एक, पिशवीवर पाणी पडलं की ती फुगते, विरघळते. हा त्रास डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही: पिशवी कोरडी दिसते, पण हवेतली वाफ हळूहळू आत शिरते. साध्या पॉलिथिनच्या तुलनेत नुसत्या स्टार्चच्या फिल्ममधून जाणारी वाफ शंभर पटीच्या घरात असते. पाणी ओतून पाहिलं, गळलं नाही, म्हणजे पिशवी चांगली, असं म्हणून चालत नाही ते यामुळं.

ओलावा अडवायचा कसा?

अळूच्या पानावर पाणी टाकलं की थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पानावर निसर्गानंच मेणाचा थर दिलाय. केळीच्या पानावर, पळसाच्या पत्रावळीवर जेवण वाढता येतं त्यातही या थराचा वाटा आहे. शास्त्रज्ञांनीही हीच वाट धरली. फिल्मवर मधमाशीचं मेण, कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांचं मेण किंवा लाख यांचा पातळ थर देतात. मेण मिश्रणात घोटण्यापेक्षा वरून वेगळा थर दिला तर वाफ जास्त अडते. तोटे दोन. घडी घातली की थराला भेगा पडतात आणि ओलावा तिथूनच आत घुसतो. शिवाय मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, म्हणजे गरम भजी, गरम वरण याला ते उपयोगाचं नाही.

दुसरी वाट म्हणजे आतले धागे एकमेकांना बांधून टाकायचे. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात. चुन्यातलं कॅल्शियम फोडीतल्या पेक्टिनला बांधतं आणि फोड पाकातही विरघळत नाही. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या फिल्मला कॅल्शियमच्या पाण्यात बुडवतात ते याच कारणानं. स्टार्चला मात्र सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, मिसळून उष्णता देतात. पाणी धरणारे स्टार्चचे हात त्यात गुंततात आणि फिल्म कमी फुगते. प्रमाण चुकून जास्त झालं तर तेच ॲसिड स्टार्चचे धागे तोडतं. फोडणीत मोहरी किती, तसला हा हिशोब.

तिसरी वाट आपल्या शेतातल्या मातीशी नातं सांगणारी आहे. माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे फिल्ममध्ये पसरवतात. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते ती याच जातीच्या खनिजांमुळं. शेकडा दोन ते पाच भाग एवढी थोडी माती पुरते. वाफेला सरळ रस्ता मिळत नाही. पाऊलवाट बंद झाली की माणसाला बांधाबांधानं वळसा घालून जावं लागतं, तसं तिचं होतं. मात्र माती नीट पसरली नाही, गुठळ्या राहिल्या, तर उलट फिल्म तिथंच फाटते.

हे सगळं प्रयोगशाळेत बरं चालतं. बाजारात जास्त करून चौथी वाट दिसते: स्टार्चमध्ये पीबीएटी किंवा पीएलए मिसळणं. पीएलए मका किंवा उसाच्या साखरेपासून होतं. पीबीएटी सहसा खनिज तेलापासून, पण ते कुजतं. 'मक्याची' म्हणून मिळणाऱ्या पिशवीत बऱ्याचदा मका कमी आणि पीबीएटी जास्त असतं. यात फसवणूक आहेच असं नाही, नाहीतर पिशवी भाजी नेईपर्यंतसुद्धा टिकली नसती. पण 'शंभर टक्के मका' असं कुणी सांगत असेल तर ते खरं मानायचं कारण नाही.

आपल्या कामाची कोणती?

पालेभाजी, मेथी, मिरची याला वाफ थोडी बाहेर जाऊ देणारी पिशवी चांगलीच. पॉलिथिनमध्ये घाम धरून भाजी सडते, ते इथं कमी होतं. एक-दोन दिवसांत खपणारा पाव, लाडू यालाही चालेल. पण पापड, चिवडा, मसाला, बेदाणे, गूळ पावडर महिनोन्‌महिने ठेवायची तर नुसत्या कुजणाऱ्या पिशवीवर भरवसा ठेवू नये. तिथं काचेची किंवा पत्र्याची बरणी, नाहीतर जाड प्लास्टिकचं नियमात बसणारं पॅकिंगच लागतं.

तपासायचं घरीच जमतं. प्रत्येकी १०० ग्रॅम कडक चुरमुरे घ्या. एक वाटा नव्या पिशवीत, एक नेहमीच्या पिशवीत, एक घट्ट झाकणाच्या डब्यात. पिशव्यांची तोंडं सारखीच बंद करा आणि पावसाळी हवेत आठ दिवस ठेवा. मग चुरमुरे बाहेर काढून डिजिटल काट्यावर तोला. वाढलेलं वजन म्हणजे शिरलेलं पाणी. चार-पाच ग्रॅम वाढलं की चुरमुरा मऊ पडलेला असतो.

पिशवीवर 'कंपोस्टेबल' छापलेलं आणि विक्रेत्याकडं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. नुसतं हिरवं पान छापलं म्हणजे प्रमाणपत्र झालं नाही. या पिशव्यांसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्याची चाचणी साधारण ५८ अंशाच्या कंपोस्टमध्ये, जास्तीत जास्त १८० दिवसांत होते. आपला उकिरडा तेवढा गरम सतत राहत नाही, त्यामुळं बांधावर फेकलेली पिशवी सहा महिन्यांत नाहीशी होईल असं धरू नका. जनावरांनी खाल्ली तरी चालते, असाही याचा अर्थ नाही.

आणि घेतलीच तर वर्षाचा साठा एकदम करू नका. या पिशव्या पडून पडूनही कमजोर होतात. दोन-तीन महिने पुरतील एवढ्याच घ्या, गठ्ठा कोरड्या जागी, उन्हापासून दूर, प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून ठेवा.