एक टायर गेला तर एकच घ्यावा की जोडी?

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यातील आमचे कितीतरी बांधव चार चाकांवर पोट भरतात. कोणी भाजीपाला व फळे बाजारात पोचवतो, कोणी कापड किंवा भांडी घेऊन आठवडे बाजार करतो, कोणी प्रवासी जीप चालवतो. कारागीर असेल तर त्याची हत्यारे आणि तयार माल त्याच्याच टेम्पोत असतो. अशा गाडीचा एक टायर अचानक निकामी झाला की धंदा जागच्या जागी थांबतो आणि सल्ले देणारे भोवती जमतात. दुकानदार म्हणतो, दोन घ्या. शेजारी म्हणतो, एकच बदला, बाकीचे तीन चांगले आहेत. तिसरा स्वस्तातला जुना टायर आणून देतो. यात खरे काय, याची माहिती आम्ही आज देत आहोत.

घाटघरच्या वाटेवर काय होते

उदाहरण म्हणून जुन्नरहून घाटघरला जाणारी गाडी घेऊ. घाटघर नावाची गावे एकाहून अधिक आहेत. अकोले तालुक्यातील जलविद्युत प्रकल्पाचे घाटघर वेगळे. आम्ही बोलत आहोत ते जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचे आणि नाणेघाटाच्या तोंडावरचे गाव. सातवाहन काळात कोकणातील बंदरांचा माल याच नाणेघाटाने वर जुन्नरला येत असे. तेथील दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरेने सांगतात. पण तो घाट पायवाटेचा आहे. मोटारीने खाली कल्याणकडे उतरायचे तर माळशेज घाटानेच जावे लागते.

जुन्नर ते घाटघर हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. आपटाळे, चावंड असा हा डोंगराळ रस्ता आहे. या भागात पाऊस जबर पडतो. पावसात डोंगराळ रस्त्याची कड खचते, डांबराला धारदार किनार तयार होते. समोरून एस. टी. आली की छोटी गाडी डावीकडे खाली उतरते आणि पुन्हा वर चढताना डाव्या बाजूचा टायर त्या किनारीवर घासतो. खिळा लागला तर भोक नक्षीत पडते. किनार लागली तर टायरची बाजू कापली जाते किंवा तिला फुगा येतो. म्हणजे तीन टायर अर्धे झिजलेले पण धड, आणि एकच कायमचा बाद. आपला प्रश्न नेमका येथे सुरू होतो.

आधी दुरुस्ती होते का ते पाहा

रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात खिळ्याएवढे, साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचे भोक असेल तर टायर सहसा दुरुस्त होतो. ट्यूबलेस टायरला बाहेरून खुपसलेली चिकट दोरी ही वेळ निभावण्यापुरती समजावी. टायर डिस्कवरून उतरवून, आतून तपासून लावलेला पॅच हीच खरी दुरुस्ती.

बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल किंवा फुगा आला असेल तर मात्र पैसे खर्चून उपयोग नाही. फुगा याचा अर्थ आतले धागे तुटले आणि हवा केवळ रबरावर तोललेली आहे. असा टायर भरल्या गाडीखाली केव्हाही फुटतो. चिरलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा लावून वर ट्यूब घालण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या टायरवर मालाची किंवा माणसांची गाडी चालवू नये. हवा गेल्यावर तसाच काही अंतर चालवलेला टायरही आतून भाजलेला असतो. तो उतरवून पाहिल्याशिवाय पुन्हा हवा भरू नये.

एका एक्सलवर जोडी का लागते

गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक जास्त अंतर जाते आणि आतले कमी. हा फरक सांभाळण्यासाठी चालत्या एक्सलमध्ये डिफरन्शियल असते. गाडी सरळ चालली की त्याच्या आतल्या छोट्या दात्यांना विश्रांती मिळते. आता एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर लावला तर काय होईल?

हिशेब सोपा आहे. छोट्या टेम्पोच्या टायरचा व्यास सुमारे ५४ सेंटिमीटर धरू. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर खोल आहे, जुन्याची ३ मिलिमीटर उरली आहे. फरक ५ मिलिमीटरचा, म्हणून व्यासात १० मिलिमीटरचा आणि घेरात सुमारे ३१ मिलिमीटरचा. नवे चाक एका किलोमीटरला सुमारे ५८८ फेरे घेते, जुने सुमारे ५९९. म्हणजे किलोमीटरमागे अकरा फेरे जास्त. घाटघरला जाऊन-येऊन साठ किलोमीटर धरले तर सहाशेहून अधिक फेरे होतात. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरतो. पण जे दाते फक्त वळणावर फिरायचे, ते आता सरळ रस्त्यावरही अखंड फिरतात, तापतात आणि झिजतात. एका टायरचे वाचवलेले पैसे पुढे मिस्त्रीला द्यावे लागतात.

पुढच्या एक्सलवर अशी विजोड जोडी असेल तर स्टिअरिंग एका बाजूला ओढते. ब्रेक मारताना दोन्ही चाकांची पकड सारखी राहत नाही. ओल्या रस्त्यावर तर झिजलेला टायर पाणी बाहेर फेकू शकत नाही. तो पाण्यावर तरंगतो, आणि नव्या टायरची बाजू मात्र धरून राहते. गाडी फिरते ती अशाच वेळी.

काय काय जुळले पाहिजे

टायरच्या बाजूवर सर्व माहिती छापलेली असते. ती वाचायला शिकावे.

१) माप. समजा १६५/८० आर १४ असे लिहिले आहे. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे उंची रुंदीच्या शेकडा ८०, आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे डिस्कचा इंचातील व्यास. एका एक्सलवर माप तंतोतंत सारखेच हवे.

२) जात. रेडियल आणि नायलॉन टायर एका एक्सलवर कधीही एकत्र लावू नयेत. दोन्ही वळणावर वेगवेगळे वागतात. एकाच एक्सलपुरते रेडियल मिळाले तर ते मागे लावावेत, पुढे नव्हेत.

३) वजन पेलण्याची ताकद. मापानंतरचा आकडा हा भाराचा असतो. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मालवाहू गाडीच्या टायरवर प्लायचा आकडाही असतो. माप तेच आहे म्हणून मोटारीचा टायर टेम्पोला लावणे धोक्याचे आहे.

४) नक्षी व कंपनी. एका एक्सलवर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे टायर असावेत. पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे चालू शकतात, मात्र माप आणि जात गाडीला योग्य हवी.

५) वय. बाजूवरच्या लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदलावा, अशी शिफारस अनेक टायर कंपन्या करतात.

नक्षी मोजायला यंत्र नको. खाचेत आगकाडी उभी धरून नखाने खूण करावी आणि पट्टीवर मोजावी. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरवर त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

कमी खर्चाचा मार्ग

आता मूळ प्रश्न. चारही टायर प्रत्येक वेळी बदलण्याची गरज नाही. परिस्थिती पाहून ठरवावे.

बाकीचे टायर जवळजवळ नवे असतील, नक्षीतला फरक दोन मिलिमीटरच्या आत असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा एकच टायर घेतला तरी चालतो.

बाकीचे अर्धे झिजले असतील तर आधी स्टेपनी पाहावी. पुष्कळ गाड्यांची स्टेपनी कधी जमिनीला लागलेलीच नसते. तिचे वय ठीक असेल आणि माप व जात जुळत असेल, तर तिच्याच जोडीचा एक नवा टायर विकत घ्यावा. हे दोन्ही एका एक्सलवर लावावेत. बाद टायरचा जुना सोबती स्टेपनी होतो. पैसे एकाच टायरचे गेले आणि जोडीही जुळली.

स्टेपनीही जुनी असेल तर दोन नवे घ्यावेत आणि उरलेला धड टायर स्टेपनीला ठेवावा. चारही उंचवट्यांपर्यंत आले असतील तर मात्र चारही बदलण्यावाचून इलाज नाही.

चारही चाके कायम ओढणाऱ्या गाडीला हा नियम अधिक कडक आहे. तिथे पुढच्या आणि मागच्या टायरमधला फरकही यंत्रणेला सोसत नाही, म्हणून कंपनीचे पुस्तक पाहूनच निर्णय घ्यावा. मागे दुहेरी चाके असलेल्या गाडीत शेजारच्या दोन टायरांचा व्यास सारखा हवा. नाहीतर मोठा टायर सगळे वजन उचलतो आणि आधी फुटतो.

नवी जोडी मागे

आपल्याकडे नवे टायर पुढे लावण्याचा रिवाज आहे, कारण स्टिअरिंग पुढे असते. टायर कंपन्या मात्र नवी जोडी मागे लावायला सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. चालकाला ते हातात जाणवते आणि वेग कमी करून तो सावरू शकतो. मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. माळशेजच्या धुक्यात आणि पावसात हा फरक जिवाचा आहे. अर्थात पुढचे टायरही नियमात बसणारे हवेत. नवी जोडी बसवल्यावर बॅलन्सिंग करावे, आणि बाजू कापण्याइतका धक्का बसला असेल तर अलाइनमेंटही तपासून घ्यावे.

जुन्या टायरचा व्यवहार

जुना टायर विकत घेणे यात गैर काही नाही. पण काळे पॉलिश मारून जुना टायर नवा दाखवणे, झिजलेल्या रबरात खाचा कोरून नक्षी काढणे, फुगा आतल्या बाजूला वळवून बसवणे हे प्रकार बाजारात चालतात. या धंद्यात आमचेही पुष्कळ बांधव आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते वर का ठेवले नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ओल्या धान्यात गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात. लपवलेल्या फुग्यात त्याचा जीव जातो. दोष सांगून कमी भावाने विकलेला टायर ही हलाल कमाई आहे.

हेच गाडीमालकालाही लागू आहे. प्रवासी आणि पगारी चालक ही आपल्याकडची अमानत आहे. टायर बाद झाला आहे असे चालक सांगत असेल तर एवढी फेरी करून ये, असे त्याला म्हणू नये.

पैसे कुठून आणायचे, याचे उत्तरही हिशेबात आहे. टायर चार हजारांचा आणि तो चाळीस हजार किलोमीटर चालला असे धरले, तर चार टायरांचा खर्च किलोमीटरला चाळीस पैसे येतो. साठ किलोमीटरच्या फेरीमागे चोवीस रुपये. आपल्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब करावा आणि तेवढी रक्कम रोज वेगळ्या डब्यात टाकावी. भाडे ठरवतानाही ती धरावी. ज्याने हे केले त्याला टायर फाटल्या दिवशी व्याजाने पैसे उचलावे लागत नाहीत आणि फुगा आलेल्या टायरवर माल घेऊन निघण्याची वेळही, इन्शाअल्लाह, येत नाही.