चाळिशीचा चेहरा आणि दोन हजारांची बाटली

दरवर्षी 20 मेच्या आसपास डहाणूत दुपारी साडेबाराच्या सुमारास जमिनीत रोवलेल्या सरळ काठीची सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैच्या चौथ्या आठवड्यात तो पुन्हा तिथंच येतो, पण तेव्हा आभाळ गच्च भरलेलं असतं, शेतात भाताची लावणी चाललेली असते आणि सावली आहे की नाही याचं कुणाला सोयरसुतक नसतं. शून्य सावलीचा दिवस शाळांमधून हौसेनं साजरा होतो. त्वचेला मात्र त्यात साजरं करण्यासारखं काही नाही. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी या किनाऱ्यावर अतिनील किरणांचा निर्देशांक 11 ओलांडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 11 पासूनची पायरी ही शेवटचीच आहे.

हे आठवायचं कारण, हल्ली डहाणू-तलासरीतही विचारला जाणारा एक प्रश्न. चाळिशीनंतर ‘अँटी-एजिंग’ क्रीम आणि सीरमवर पैसे घालावेत का? मोबाइलवर मागवलेलं पार्सल आता खेड्यापाड्यांतही येतं, आणि तीस मिलिलिटरच्या बाटलीला दोन हजार मोजणारी नोकरदार गिऱ्हाइकं केवळ अंधेरी-बोरिवलीतच राहतात असं नाही. थोडक्यात उत्तर द्यायचं तर, बहुतेक बाटल्यांवर घालू नयेत. जे दोन उपाय चाचण्यांत खरोखर टिकले, ते या बाजारातल्या स्वस्त वस्तूंपैकी आहेत. ते सापडले कसे, ही हकिगत उत्तराहून रंजक आहे आणि एका ठिकाणी चांगलीच काळीकुट्ट.

आधी एक साधी तपासणी. दंडाची आतली बाजू आणि तळहाताची पाठ शेजारी शेजारी बघावी. दोन्हींचं वय एकच, जन्मतारीख एकच. तरी एक कातडी मऊ आणि एकसारखी, दुसरी खरखरीत, ठिपक्याठिपक्यांची. यातला फरक वयाचा नसून बराचसा उन्हाचा आहे. होडीवर वर्षभर पडलेली निळी ताडपत्री उचलायला गेलं की तिचे कपचे निघतात, कारण ऊन प्लास्टिकच्या लांब साखळ्या थेट तोडतं. त्वचेतल्या कोलॅजेनच्या धाग्यांचंही असंच होत असेल असं वाटतं, पण तिथला कारभार निराळा. मिशिगन विद्यापीठातले गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांनी 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की ऊन पेशींना चिथावतं आणि कोलॅजेन कापणारी विकरं आपल्याच पेशी तयार करतात. त्यासाठी कातडी भाजावी लागत नाही. लाल होण्याइतकंही ऊन लागत नाही. ताडपत्री बिचारी स्वतःला सांधू शकत नाही, त्वचा सांधते. पण दर वेळी सांधा जरासा कच्चा राहतो, आणि चाळीस वर्षांचे असे कच्चे सांधे मग आरशात दिसू लागतात.

2012 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचं छायाचित्र छापलं होतं. 28 वर्षं त्यानं माल पोचवण्याचा ट्रक चालवला. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल घड्यांची. उजवी बाजू जणू धाकट्या भावाची. काच अतिनील किरणांपैकी यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते, म्हणून हा प्रकार. आता डहाणूकरांनी जरा हिशेब करावा. 2013 पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. सकाळी मुंबईकडे तोंड करून डाव्या खिडकीत बसलं की पूर्व डावीकडे. संध्याकाळी परतताना पुन्हा डावी खिडकी पकडली की आता पश्चिम डावीकडे. दोन्ही वेळचं ऊन एकाच गालावर! सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात यूव्हीबी फारसे नसतात हे खरं, पण यूव्हीए त्या मानानं दिवसभर टिकून असतात. खिडकीसाठी हुज्जत घालणाऱ्यांनी निदान महिन्याआड बाजू बदलावी.

सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं कवच असतंच. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी 1979 मध्ये ते मोजलं होतं: कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचं यूव्हीबीपासूनचं संरक्षण सनस्क्रीनच्या भाषेत सुमारे 13 एसपीएफ, गोऱ्यांचं 3 च्या आसपास. म्हणून आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात. आधी येतो तो वांग, आणि गालांवरचे, कपाळावरचे डाग. जाहिरातीतली बाई मात्र डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक रेघांची चिंता करत असते. ती चिंता युरोपातून आयात झालेली आहे. गडद त्वचा आणखी काळवंडायला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही हातभार लावतो, असं डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधनानं 2010 मध्ये दाखवलं. साधं पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. लोह ऑक्साइड घातलेलं, तपकिरी झाक असलेलं अडवतं. वांग असलेल्या बाईनं दुकानात विचारायची गोष्ट ती ही.

मध्यमवयाचं आणखी एक गणित आहे. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते, आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन 30 टक्क्यांपर्यंत घटू शकतं. बाटल्यांचा बाजार नेमका याच वयावर नेम धरून बसलेला असतो.

टिकलेल्या दोन उपायांपैकी पहिला सापडला तो ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर नावाच्या गावात. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापासून जरा आत वसलेलं हे छोटं गाव. डहाणूचा जसा चिकू, तसा नॅम्बोरचा ऊस आणि अननस; उसाच्या गाड्या गावातल्या रस्त्यावरून रुळांवर धावत कारखान्यात जायच्या. 1992 मध्ये संशोधक अडेल ग्रीन यांनी इथल्या 1,621 रहिवाशांना घेऊन एक प्रयोग मांडला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पडले. एका गटानं रोज सकाळी सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्यानं पूर्वीप्रमाणे मर्जीनुसार. प्रयोग होता त्वचेच्या कर्करोगाचा, सौंदर्याचा मुळीच नव्हता. पण या मंडळींच्या हातांच्या पाठीवर सिलिकॉनचा लेप देऊन त्याचे ठसे घेऊन ठेवले होते. पंचावन्नच्या आतल्या 903 जणांचे ठसे तपासून 2013 मध्ये निष्कर्ष छापला गेला: साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण दुसऱ्या गटापेक्षा 24 टक्क्यांनी कमी. सोबत दिलेल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळीचा काही उपयोग दिसला नाही. तेही सनस्क्रीन आजच्या 50 एसपीएफचं नव्हतं, 15 च्या जवळपासचं होतं.

यातली एक गोष्ट फार आवडण्याजोगी आहे. चेहऱ्याच्या आधी-नंतरच्या फोटोंवर सगळा धंदा चालतो, आणि इथं पुरावा मिळाला तो कुणी फोटोच काढत नाही अशा तळहाताच्या पाठीवरून. नॅम्बोरचे लोक मुख्यतः गोरे होते, त्यामुळे धाकट्या डहाणूच्या मांगेली बाईला किंवा तलासरीच्या वारली बाईला तो 24 चा आकडा जसाच्या तसा लागू करता येत नाही. दिशा मात्र तीच.

दुसरा उपाय म्हणजे ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाचं आम्ल. त्याची गोष्ट सांगताना अल्बर्ट क्लिगमन यांना टाळता येत नाही. 1979 च्या त्या मेलॅनिनच्या मोजणीतही त्यांचं नाव होतंच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या या त्वचातज्ज्ञानं 1969 मध्ये ट्रेटिनॉइन मुरमांवर चालतं हे दाखवलं. मध्यमवयीन रुग्ण बायका सांगू लागल्या की मुरमं तर गेलीच, पण चेहराही नितळ झाला. क्लिगमननी ते ऐकून सोडून दिलं नाही. 1986 मध्ये उन्हानं वठलेल्या त्वचेवरचा पहिला अहवाल आला. 1988 मध्ये वूरहीस यांच्याच मिशिगनच्या चमूनं 30 जणांवर 16 आठवड्यांची चाचणी केली. औषध लावलेल्या हातांवर सगळ्यांनाच फरक पडला. जवळजवळ सगळ्यांची कातडी लालही झाली, त्यामुळे कुठल्या हाताला औषध आणि कुठल्या हाताला साधं मलम, हे गुपित फार काळ गुपित राहिलं नसणार! मग औषधाच्या दुकानांवर झुंबड उडाली. सुरकुत्यांसाठी अधिकृत परवानगी मिळाली ती 1995 च्या अखेरीस. त्याच वर्षी ते विकणाऱ्या ऑर्थो कंपनीनं, सुरकुत्यांसाठीच्या आगाऊ प्रचाराची चौकशी चालू असताना कागदपत्रं नष्ट केल्याची कबुली देऊन 75 लाख डॉलर भरले.

पण क्लिगमन यांची प्रयोगशाळा कुठली होती? फिलाडेल्फियाचा होम्सबर्ग तुरुंग. 1951 ते 1974 या काळात तिथल्या कैद्यांच्या पाठींवर, दंडांवर चौकोन आखून मलमं, रसायनं, एवढंच काय डायॉक्सिनसारखं विषसुद्धा लावून पाहिलं गेलं. बहुतेक कैदी कृष्णवर्णीय होते आणि मोबदला काही डॉलरांचा. ॲलन हॉर्नब्लम यांनी 1998 मध्ये ‘एकर्स ऑफ स्किन’ या पुस्तकात हे सगळं मांडलं. त्याचं नाव क्लिगमन यांच्याच उद्गारावरून घेतलंय: तुरुंगात पाऊल टाकताच त्यांना माणसं दिसली नाहीत, एकरच्या एकर कातडी दिसली. विद्यापीठाच्या वैद्यक शाखेनं 2021 मध्ये माफी मागितली, शहरानं 2022 मध्ये. क्लिगमन 2010 मध्येच वारले होते. प्रत्येक रेटिनॉलच्या बाटलीच्या वंशावळीत हे कैदी आहेत, पण सौंदर्यविषयक लेखांत त्यांचा उल्लेख शोधून सापडत नाही.

दुकानातलं रेटिनॉल हे ट्रेटिनॉइनचं सौम्य भावंड. त्वचेत त्याचं दोन टप्प्यांत आम्ल व्हावं लागतं, म्हणून जोर बराच कमी. गंमत अशी की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी ट्रेटिनॉइनची नळी काही शे रुपयांत येते, आणि तिचं सौम्य भावंड देखण्या बाटलीत कैक पटींनी महाग.

बाकीच्या बाटल्यांचं काय? त्वचेच्या वरच्या मृत थरातून साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू आत शिरत नाहीत. कोलॅजेनचा रेणू तीन लाख डाल्टनचा. कोलॅजेन क्रीम म्हणजे वर बसलेलं महाग मॉइश्चरायझर. त्यानं फरक दिसतो, तासाभरात दिसतो, कारण ओलाव्यानं बारीक रेघा फुगून भरतात. खोबरेल तेलाची 2004 मध्ये फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या 34 जणांवर खनिज तेलाशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही सारखीच उतरली. क जीवनसत्त्वाच्या सीरमला शास्त्रीय आधार आहे, पण ते आम्लधर्मी हवं, 3.5 पेक्षा कमी पीएचचं, आणि हवा-उष्णता लागली की ते पिवळं, मग तपकिरी होऊन निकामी होतं. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ते किती टिकेल, हे सांगायला रसायनशास्त्र नको.

ब्रिटनमध्ये 2007 च्या मार्चमध्ये बीबीसीनं एका क्रीमचं कौतुक केलं आणि ‘बूट्स’ या औषध-दुकानांच्या साखळीतून 16.75 पौंडांची ‘नंबर 7’ची बाटली काही दिवसांत गायब झाली. दोन वर्षांनी मँचेस्टरच्या चमूनं 60 जणांवर ती तपासली. सहा महिन्यांनी क्रीम लावणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांच्या सुरकुत्या सुधारल्या होत्या, साधं मलम लावणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांच्या. माणसं इतकी थोडी की संख्याशास्त्रज्ञांनी लगेच बोट ठेवलं. तरी चाचणी झाली, हेच नवल. आपल्या 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषधाला गुण सिद्ध करावा लागतो, प्रसाधनाला तसा लागत नाही. म्हणून वेष्टनावरची भाषा नीट वाचावी: ‘सुरकुत्या कमी करते’ असं नसतं, ‘सुरकुत्या कमी दिसतात’ असं असतं.

मग खर्च कुठं करावा? एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढतात. चेहरा आणि मान मिळून सुमारे 600 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास. 50 ग्रॅमची नळी चाळीस वेळांत संपायला हवी. ज्यांची सहा महिने पुरते, त्यांनी 50 चे पैसे देऊन कितीतरी कमी संरक्षण घेतलेलं असतं. चारशे रुपयांची नळी धरली तर दिवसाला दहा रुपये, वर्षाला साडेतीन हजारांवर. हातावर पोट असलेल्या बाईला हे परवडणारं नाही. वीटभट्टीवर दिवस काढणारी किंवा वाळूवर बोंबील सुकवणारी बाई या बाजाराच्या खिजगणतीतही नसते, आणि सर्वांत जास्त ऊन तीच खाते. तिच्यासाठी छत्री बरी: काळी छत्री अतिनील किरणांपैकी किमान 90 टक्के अडवते, असं अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात 2013 मध्ये मोजलं गेलं. अर्थात काम करताना छत्री धरणार कोण, हा प्रश्न एमरीत कुणाला पडला नसावा. शिवाय कोरडी वाळू 15 टक्क्यांच्या आसपास किरण खालून परतवते. डोक्यावरून ओढलेला जाड सुती पदर त्या मानानं व्यवहारी. आणि घरी चूल असेल तर धूरही मोजावा लागेल. लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या सुरकुत्या अधिक, असं चीनमधल्या पाहणीत दिसलंय.

महाग सीरम निदान नुसतं निरुपयोगी असतं. खरा धोका स्वस्त डब्यांत आहे. वांगासाठी म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या ‘तिहेरी’ मलमांत स्टिरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, आणि काही महिन्यांत कातडी पातळ, लालबुंद, केसाळ होते. सोडलं की भडका उडतो. 2018 मध्ये केंद्र सरकारनं ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर ती मिळतात. पाऱ्याची क्रीमं त्याहून वाईट. अकोल्यात एका ब्यूटिशियननं दिलेली क्रीम लावणाऱ्या एकाच घरातल्या तिघी किडनीच्या विकारानं आजारी पडल्या; केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला आणि 2023 मध्ये प्रकरण उघडकीस आलं. आपल्या नियमांत प्रसाधनात चुकून राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे.

ट्रेटिनॉइनच्या आणि स्टिरॉइडच्या, दोन्ही नळ्यांवर उभी लाल रेघ असते, आणि ती दोन्हींसाठी खरी मानावी. ट्रेटिनॉइन रात्री, वाटाण्याएवढंच, सुरुवातीला दोन दिवसांआड लावायचं. गरोदरपणात अजिबात नाही. पहिले काही आठवडे चेहरा सोलतो आणि आधीपेक्षा वाईट दिसतो. फरक कळायला चार-सहा महिने जातात. तेवढ्या काळात सकाळचं सनस्क्रीन चुकवलं, तर रात्रीच्या नळीचे पैसेही उन्हातच गेले म्हणायचे.