माप चुकल्याची तक्रार : विक्रेत्याला हे माहीत हवं

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० पासून देशभर लागू.

• तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात.

• ‘एल’ सांगून ‘एम’ पाठवला : माल वर्णनाशी जुळत नाही. परत घेणं, पैसे देणं बंधनकारक. माप बरोबर, पण अंगाला घट्ट : विक्रेत्याचं परतीचं धोरण लागू, ते खरेदीआधीच दाखवावं लागतं.

• अंगाचं माप वेगळं, कपड्याचं वेगळं. छाती ४० इंच (१०१.६ सेंमी) असेल, तर शर्टाचा घेर त्याहून जास्त हवा, नाहीतर हात हलवता येत नाही. तक्त्यात यांपैकी कोणतं माप दिलंय, ते स्पष्ट लिहावं.

• नऊवारी : ९ वार, म्हणजे ८.२३ मीटर.

• राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.